खुर्चीच्या पाठीवरची बातमी

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यवतमाळजवळच्या भारी येथे सभेसाठी आले. ते व्यासपीठावर येण्याआधीच दिवसाची बातमी तयार होती. मंडपातल्या काही खुर्च्यांच्या पाठीला राहुल गांधींचे छायाचित्र चिकटवलेले निघाले. सोबत काँग्रेसला देणगी देण्यासाठीचा क्यूआर कोड. चित्रफिती मोबाइलवर फिरल्या, वाहिन्यांनी दाखवल्या, संकेतस्थळांनी मथळे केले.

खुलासा साधा होता. दोनच महिन्यांपूर्वी, २८ डिसेंबरला, नागपुरात काँग्रेसची स्थापनादिनाची मोठी सभा झाली होती. पक्षाची देणगी मोहीमही त्याच महिन्यात सुरू झालेली. खुर्च्या पुरवणारा दोन्हीकडे तोच होता, असे तेव्हाच छापून आले. विदर्भात ज्याच्या घरी एखादे लग्न झाले आहे त्याला यात नवल वाटायचे कारण नाही. बिछायतवाल्याच्या खुर्च्या आज लग्नाला, उद्या तेरवीला, परवा सभेला जातात. भाड्याने येतात, मोजून परत जातात. कोणाच्या पाठीला काय चिकटले आहे हे पाहणे त्याच्या हिशेबात नसते.

बातमीदाराच्या हिशेबात मात्र तेच होते. ज्यांना पंतप्रधान आवडत नाहीत त्यांनी खुर्चीची बातमी चवीने चालवली. आयोजकांची कशी फजिती झाली, हा त्यांचा सूर. ज्यांना पंतप्रधान आवडतात त्यांनी खुर्चीकडे पाठ फिरवली आणि गर्दी दाखवली. मंडप किती मोठा, महिला किती आल्या, घोषणा किती घुमल्या. एकाने खुर्चीची पाठ पाहिली, दुसऱ्याने मंडपाचा विस्तार. पक्षपात कोणाचा, यावर मग दोन्हीकडचे लोक आठवडाभर भांडले.

आमच्या मते पक्षपात दोघांचाही होता आणि तो एकाच दिशेने होता. खुर्चीवर बसलेल्या बाईकडे दोघांनीही पाहिले नाही.

त्या दिवशी भारीच्या मंडपात मुख्यतः बचत गटांच्या महिला होत्या. त्यांच्यासाठी व्यासपीठावरून एक आकडा जाहीर झाला. राज्यातल्या साडेपाच लाख गटांना ८२५ कोटी रुपयांचा फिरता निधी. आकडा मोठा आहे. बातम्यांत तो तसाच आला, कोटींत. समर्थकांनी तो मथळ्यात घेतला, विरोधकांनी निवडणुकीच्या तोंडावरची खैरात म्हणून हिणवला. भागाकार करायला कागदाचा कोपरा पुरला असता. ८२५ कोटी भागिले साडेपाच लाख म्हणजे गटाला १५ हजार रुपये. गटात दहा जणी धरल्या तर बाईमागे दीड हजार.

हे थोडे आहे की पुष्कळ? उत्तर कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. त्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ८५३ रुपये होती. एकराला दोन पाकिटे लागतात. म्हणजे बाईच्या वाट्याचे दीड हजार एका एकराच्या बियाण्यालाही पुरत नव्हते. दुसरी बाजूही आहे. हा निधी वाटून खायचा नसतो, गटातच कर्जाऊ फिरवायचा असतो. एकीची निकड मोठी असेल तर पंधराच्या पंधरा हजार तिला मिळू शकतात. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ते बरे. नीट चालणाऱ्या गटाला या रकमेचा उपयोग झाला असेल, मोडकळीला आलेल्या गटात ती बुडाली असेल. जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेचे गट आहेत. कोणते जास्त आहेत, हे शोधणे ही बातमी होती. ती शोधायला ना मोदींचा भक्त असावे लागते, ना द्वेष्टा. दोन-चार गावांत जाऊन गटाची नोंदवही पाहावी लागते, एवढेच.

शेतकऱ्यांच्या आकड्याचेही तसेच झाले. त्याच व्यासपीठावरून किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता सुटला. देशभरात नऊ कोटींहून अधिक शेतकरी, २१ हजार कोटींहून अधिक रुपये. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या खात्यात यातून येतात ते दोन हजार. वर्षाचे सहा हजार. योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली तेव्हा ही रक्कम सहा हजार होती, पाच वर्षांनी भारीच्या सभेतही सहा हजारच होती. मधल्या काळात मजुरी वाढली, खत वाढले, फवारणीची औषधे वाढली. राज्य सरकारने आपले सहा हजार जोडले, तेही सांगायला हवे. त्या योजनेचे दोन हप्ते त्याच दिवशी एकदम दिले गेले, जवळपास ३,८०० कोटींचे. यातल्या काही गोष्टी सरकारच्या बाजूच्या आहेत, काही विरोधातल्या. सगळ्या मिळून त्या खऱ्या आहेत. पण सगळ्या मिळून छापल्या तर बातमी कोणाच्याच खिशात बसत नाही.

आणि रेल्वे. पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून वर्धा ते कळंब या ब्रॉडगेज मार्गाचे लोकार्पण केले. हा मार्ग वर्धा-यवतमाळ-नांदेड प्रकल्पाचा एक तुकडा. कळंब हे यवतमाळच्या अलीकडचे तालुक्याचे गाव. म्हणजे ज्या शहराच्या नावाने सभा झाली त्या शहरात त्या दिवशी ही गाडी पोचली नव्हती. इंग्रजांच्या काळातली नॅरोगेजवरची शकुंतला रेल्वेही तोवर बंद पडलेली. वर्धा-नांदेड मार्गाला मंजुरी मनमोहन सिंग यांच्या काळातली, कळंबपर्यंतची गाडी मोदींच्या काळातली. उशिरात दोघांचाही वाटा आहे, कामातही. कदाचित म्हणूनच या बातमीला कोणी वाली मिळाला नाही. तिच्यात कोणा एकाची फजितीही नाही आणि कोणा एकाचा जयजयकारही.

भाषणात पंतप्रधानांनी आपल्या आधीच्या यवतमाळ भेटी स्वतःच काढल्या. २०१४ मध्ये ते चहावर चर्चा करायला इथे आले होते, २०१९ मध्ये पुन्हा आले. प्रत्येक वेळी त्यानंतर जागा कशा वाढल्या, हेही त्यांनी सांगितले. जागांचा हिशेब त्यांनी दिला. शेतमालाच्या भावाचा हिशेब विचारायचे काम पत्रकारांचे होते आणि दार तर खुद्द वक्त्यानेच उघडून दिले होते.

२० मार्च २०१४ ची ती चर्चा आर्णी तालुक्यातल्या दाभडीत झाली. मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री आणि पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. शेतमालाला खर्चाच्या दीडपट भाव, हे तेव्हाचे मोठे आश्वासन. तेव्हापासून दर निवडणुकीला कॅमेरे दाभडीला जातात. एक कॅमेरा विचारतो, आश्वासन पाळले ना? दुसरा विचारतो, फसवणूक झाली ना? विचारण्याच्या पद्धतीवरूनच कळते की उत्तर आधी ठरले आहे आणि चेहरा तेवढा हवा आहे. आश्वासनाचे झाले काय, हे मात्र चार वाक्यांत सांगता येते. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की खर्चावर पन्नास टक्के देण्याने बाजार बिघडेल. २०१८ च्या अर्थसंकल्पात तेच सरकार म्हणाले की आता दीडपट देऊ. दिलेही. फक्त दीडपट कशाच्या, ते सरकारने ठरवले.

यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. सरकार धरते तो खर्च म्हणजे बियाणे, खत, मजुरी, औषध यांवर प्रत्यक्ष गेलेला पैसा आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल. २०२३-२४ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसासाठी तो क्विंटलला ४,४११ रुपये धरला होता. हमीभाव ६,६२० रुपये. गणित बरोबर दीडपटीचे आहे. स्वामिनाथन आयोगाचा हवाला देऊन शेतकरी संघटना मागतात तो खर्च यापेक्षा मोठा, कारण त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याजही येते. त्या हिशेबाने दीडपट होत नाही. म्हणजे आश्वासन पाळले म्हणणारा आकडा दाखवू शकतो आणि मोडले म्हणणाराही दाखवू शकतो. वाचकाला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले तर तो स्वतः ठरवील. आणि हेही सांगायला हवे की हमीभाव जाहीर होणे वेगळे, मिळणे वेगळे. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,६०० होता आणि भारीची सभा झाली त्या महिन्यात विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन त्याखाली विकले जात होते. मंडपातल्या कितीतरी घरांत ते पोत्यांत भरून पडले असेल.

पत्रांनी बाजू घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. यवतमाळात तरी तसे म्हणण्याची सोय नाही. टिळकांचे अनुयायी लोकनायक बापूजी अणे इथलेच. त्यांनी इथून ‘लोकमत’ काढले ते तटस्थ राहण्यासाठी नव्हे. पुढे ते नाव जवाहरलाल दर्डा यांनी चालवले, १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक केले. दर्डा काँग्रेसचे, राज्याच्या मंत्रिमंडळात वर्षानुवर्षे मंत्री. हे कोणापासून लपलेले नव्हते. वाचकाला रंग ठाऊक होता आणि तो वजावट करून वाचत असे. कापूस खरेदी केंद्रावर जसे आधी ओलावा मोजतात, आठ टक्क्यांवर गेला तर भावात कापतात, बारावर गेला तर गाडी परत पाठवतात, तसे. ओलाव्याची तक्रार कोणी फार करीत नाही. पोत्यात कापूसच नसेल तर मात्र मोजायचे काय?

अमेरिकेत मोठी वृत्तपत्रे अध्यक्षीय निवडणुकीत आपला उमेदवार अग्रलेखाच्या पानावर उघड जाहीर करीत आली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मतदान तोंडावर असताना ती प्रथा सोडली. मालकाने ती तटस्थता म्हणून मांडली. दोन लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी बंद केल्याचे वृत्त आले. वाचकाला मत असलेल्या पत्राचा राग येत नाही, हे त्यातून दिसले. मत कुठे ठेवले आहे, हे लपवल्याचा राग येतो. आपल्याकडे उलटी रीत पडत चालली आहे. अग्रलेखात तोलूनमापून लिहायचे आणि मत बातमीच्या मथळ्यात, छायाचित्राच्या निवडीत, बाइटच्या कापाकापीत घालायचे.

बाइटचे नमुने जिल्ह्याने पुष्कळ पाहिले. २००८ मध्ये लोकसभेत राहुल गांधींनी मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावतीबाईंचे नाव घेतले. अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव चालू होता. पंधरा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२३ ला, अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी त्याच बाईंचे नाव घेतले आणि घर, वीज, गॅस मोदी सरकारने दिले असे सांगितले. लागलीच कॅमेरे जळक्याला. प्रश्न एकच, कोणी दिले? मदत राहुल गांधींमुळे झाली, मोदी सरकारकडून काही मिळाले नाही, असे बाई म्हणाल्या. एका गटाने ते दिवसभर चालवले, दुसरा गट खोडून काढायला धावला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या विधवेला घर, वीज आणि गॅस एवढ्यासाठी देशाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी कोणाचे तरी ऋण का मानावे लागावे, हे कोणी विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. योजना सरकारी असते, पैसा लोकांचा असतो. बाईला मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. तिच्या साक्षीवरून पंतप्रधान चांगले की वाईट, हे स्टुडिओत ठरते.

विद्यमान पंतप्रधानांबद्दल मत असणे हा नागरिकाचा हक्क आहे. पत्रकाराचाही. पण सगळी पत्रकारिता त्या एका माणसाबद्दलच्या मतात आटून गेली की मग बातमीला दुसरे काही लागत नाही. स्टिकर पुरतो. जे मोदींच्या विरोधात आहेत त्यांचे यात अधिक नुकसान होते, असे आम्हाला वाटते, कारण आश्वासनाचा हिशेब मागण्याची गरज त्यांना जास्त आहे. आणि ते खुर्चीवर खूश होतात. जे बाजूने आहेत त्यांना तर हिशेब न मागणेच सोयीचे.

मतदार असा चिकटलेला नाही. जून २०२४ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. यवतमाळ जिल्हा तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. यवतमाळ-वाशीममध्ये शिवसेना ठाकरे गटाचे संजय देशमुख, चंद्रपुरात काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर, हिंगोलीत ठाकरे गटाचे नागेश आष्टीकर. तिन्ही खासदार विरोधी आघाडीचे. पाचच महिन्यांनी विधानसभा झाली. जिल्ह्यातल्या सातपैकी पाच जागा महायुतीला, दोन आघाडीला. तोच जिल्हा, बहुतांश तेच मतदार. मोदीभक्त म्हणा किंवा मोदीद्वेष्टे, या दोन शब्दांत हा जिल्हा कुठेच बसत नाही. सोयाबीनचा भाव, लाडकी बहीणचे पैसे, उमेदवाराची जात, गावातला गट, असे कितीतरी हिशेब लोकांनी आपापले केले असतील. ते कोणते, हे निकालानंतर तरी बातम्यांतून कळायला हवे होते. कळले ते एवढेच की एकदा लाट आली आणि एकदा ओसरली.

जिल्ह्यातल्या बातमीदारांना हे सांगायची गरज नसावी. ते गावातले आहेत, त्यांना आकडे माहीत आहेत, पुष्कळांच्या घरी शेती आहे. मथळा ठरतो तो मात्र दूरच्या डेस्कवर, आणि डेस्कला चित्रफीत हवी असते. तरीही आमची विनंती त्यांनाच आहे. यापुढे कोणीही मोठा नेता जिल्ह्यात येईल, कोणत्याही पक्षाचा, तेव्हा त्या दिवसाचा बाजार समितीतला भाव बातमीच्या पहिल्या परिच्छेदात लिहावा. व्यासपीठावरून कोटींचा आकडा आला तर तो माणशी किती, ते भागून द्यावे. आणि सभा संपल्यावर सहा महिन्यांनी एखाद्या गटाच्या अध्यक्षबाईंकडे जाऊन ते १५ हजार आले का, कोणाला दिले, परत आले का, एवढे विचारावे. त्यांचे पंतप्रधानांबद्दल मत काय, हे त्यांना सांगायचे असेल तर त्या आपणहून सांगतील.